ठोक्यावरून ओळख, किल्ली मात्र वेगळी: अंगावरच्या मेडिकल सेन्सरचं नेटवर्क सुरक्षित कसं करायचं

बाबांची बायपास झाली. डिस्चार्जच्या वेळी एका एजन्सीचा नंबर मिळाला, तिथून छातीला चिकटवायचा ईसीजी पॅच आणि बोटाचा ऑक्सिमीटर महिन्याच्या भाड्याने आणला. आठवड्याभराने बाबांना ठाण्यात नौपाड्यातल्या घरून हळूहळू चालवत तलावपाळीला नेलं, ते बाकावर टेकले आणि मी फोनवर ब्लूटूथ स्कॅनर उघडला, कारण मी महापेला फर्मवेअरचं काम करते आणि कुठेही बसलं की आजूबाजूला काय ओरडतंय ते बघायची सवयच लागली आहे. यादीत सगळ्यात वर बाबांचा पॅच, नाव काय तर त्यांची आद्याक्षरं आणि पुढे वॉर्डातला बेड नंबर. कनेक्ट दाबलं, ना पिन विचारला ना काही, थेट ठोके धावायला लागले स्क्रीनवर. माझ्या फोनची त्या पॅचशी कधी ओळखदेखील झाली नव्हती.

एजन्सीला फोन केला तर समोरून उत्तर, "मॅडम, कोण बघतंय ब्लूटूथ? आम्ही सगळ्यांना असंच देतो." मला फार वाईट वाटलं, कारण तो माणूस खोटं बोलत नव्हता, खरंच सगळ्यांना तसंच देत होते.

तेव्हापासून या विषयावर घरी जे करून पाहिलं ते सगळं इथे लिहितेय. असलं डिव्हाइस बनवणाऱ्या मुलामुलींसाठी, कॉलेजात प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी, आणि क्लिनिकसाठी सेट विकत घेताना नेमकं काय विचारायचं हे ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी. एक गोष्ट आधीच सांगते, घरी बनवलेला सेट शिकण्यासाठी आणि टेस्टिंगसाठी, पेशंटच्या उपचाराचे निर्णय डॉक्टरांनी दिलेल्या मंजूर मशीनवरच.

आधी स्वतः स्कॅन करा

एनआरएफ कनेक्ट नावाचं फुकट ॲप मिळतं, ते टाका आणि घरातलं प्रत्येक डिव्हाइस तपासा. तीन गोष्टी बघायच्या: नावात पेशंटची ओळख आहे का, पिनशिवाय कनेक्ट होतं का, आणि आत कुठला डेटा उघडा पडलाय. हार्ट रेटची स्टँडर्ड सर्व्हिस १८०डी या नंबरने दिसते, ती उघडून नोटिफिकेशन चालू केलं की बऱ्याच चेस्ट स्ट्रॅपमधून फक्त मिनिटाचे ठोके येत नाहीत, सोबत आर-आर इंटर्व्हलही येतात, म्हणजे एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंतचा वेळ, तोही सेकंदाच्या १०२४व्या भागात मोजलेला.

हे नीट लक्षात ठेवा, कारण बायोमेट्रिक किल्लीवर, म्हणजे डेटा कुलूपबंद करणारा गुप्त आकडा शरीराच्या मापांतून बनवण्यावर, जे लेख येतात ते बहुतेक याच आर-आर इंटर्व्हलपासून किल्ली बनवा म्हणतात. तुमच्या अंगावरचा एक सेन्सर हृदयाच्या ठोक्यांपासून किल्ली बनवतोय आणि शेजारचा स्ट्रॅप तेच ठोके हवेत उघडे सोडतोय, तर किल्लीच बाहेर गेली की हो. म्हणून सगळ्यात पहिलं काम, पेअरिंग चालू असताना अंगावरून आर-आर बाहेर टाकणारं काहीही चालू नको, हातातलं स्मार्टवॉचसुद्धा नको.

किल्ली कशाची आणि ओळख कशाची

ब्लूटूथ ४.२ मध्ये, म्हणजे डिसेंबर २०१४ ला, एलई सिक्युअर कनेक्शन्स ही कमी बॅटरीवाल्या ब्लूटूथची सुरक्षित पेअरिंग पद्धत आली. त्यात दोन्ही डिव्हाइस ईसीडीएच या गणिती पद्धतीने, एकमेकांना फक्त आपली पब्लिक की (उघडी ठेवायची किल्ली) पाठवून, हवेतच गुप्त किल्ली ठरवतात आणि नुसतं ऐकत बसलेल्याला ती काढता येत नाही. मग अडतंय कुठे? तर पॅचला ना स्क्रीन ना बटणं, त्यामुळे सहा आकडी नंबर दाखवून "हाच का?" असं विचारायची सोयच नाही, आणि डिव्हाइस गपचूप जस्ट वर्क्स या मोडला जातं. त्या मोडमध्ये मधे कोणी तिसरा घुसून दोघांशीही वेगवेगळी किल्ली ठरवत असेल तर कुणालाच पत्ता लागत नाही.

शरीराचा उपयोग इथे होतो. एकाच माणसाच्या अंगावरचे दोन सेन्सर एकाच क्षणी तेच ठोके मोजतात, बाहेरच्याला ते मोजता येत नाहीत, म्हणजे हृदय हाच दोघांमधला खाजगी पुरावा. पण पुरावा म्हणजे किल्ली नव्हे. मी ज्या मताला आले ते असं, किल्ली ईसीडीएचने बनवायची आणि ठोक्यांचा उपयोग फक्त "समोरचा त्याच अंगावर आहे" एवढं पटवायला करायचा. बोटाचा ठसा चोरीला गेला तर बदलता येत नाही, ठोक्यांचं तसं नाही, आत्ताचे पुढच्या मिनिटाला शिळे होतात, आणि हा शिळेपणाच आपल्या कामाचा.

सामान आणि जोडणी

छातीवरच्या युनिटला एडी८२३२ ही ईसीजी चिप आणि एनआरएफ५२८४० हा ब्लूटूथवाला बोर्ड. हा मुकादम, बाकीचे सगळे याच्याशी बोलणार आणि फोनशी फक्त हाच बोलणार. बोटाला किंवा मनगटाला मॅक्स३०१०२ हा प्रकाशाने नाडी मोजणारा सेन्सर, त्याच्यामागे तसाच दुसरा बोर्ड. जेलवाले इलेक्ट्रोड स्टिकर मेडिकलच्या दुकानात मिळतात, एकदा वापरून टाकून द्यायचे.

इथे एक गोष्ट जिवाची आहे म्हणून जरा थांबून वाचा. अंगाला ईसीजीच्या वायरी लावलेल्या असताना बोर्ड फक्त बॅटरीवर चालवा. लॅपटॉपला यूएसबीने जोडलाय आणि लॅपटॉप चार्जिंगला लावलाय अशा वेळी इलेक्ट्रोड अंगाला लावायचेच नाहीत, चार्जर खराब निघाला तर करंट थेट छातीपर्यंत जायचा रस्ता तयार होतो. डेटा बघायचा तर ब्लूटूथवरून बघा. शिवाय मेन्सला जोडलं की सिग्नलमध्ये ५० हर्ट्झची गुणगुण येते ती वेगळीच.

फोनचं सोपं आहे, त्याला स्क्रीन आणि कॅमेरा दोन्ही आहे, म्हणून मुकादम आणि फोनची ओळख डब्यावर छापलेल्या क्यूआर कोडने करून द्यायची, तिथे ठोके वगैरे काही नको. तापमानाच्या पॅचसारख्या ज्या सेन्सरला ठोकाच कळत नाही त्यालाही हाच रस्ता.

ठोके मोजणं, खरी मेहनत इथेच

ईसीजी सेकंदाला ५०० वेळा वाचा, म्हणजे दर २ मिलिसेकंदाला एक नोंद. नाडीचा सेन्सर ४०० वर ठेवा. पुष्कळ तयार कोडमध्ये तो १०० वर असतो, त्यात दोन नोंदींमध्ये १० मिलिसेकंद जातात आणि आपल्याला हवी असलेली बारीक माहिती तिथेच वाहून जाते.

ईसीजीत आर शिखर, म्हणजे प्रत्येक ठोक्याचं उंच टोक, टोकदार असतं, पटकन सापडतं. नाडीची लाट गोलसर, तिचा माथा शोधायला गेलात तर तो पुढेमागे सरकतो, म्हणून लाट जिथे सगळ्यात वेगाने चढते तो बिंदू धरा. छातीतला ठोका बोटापर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो, पण आपण दोन ठोक्यांमधलं अंतर घेतोय त्यामुळे तो उशीर बहुतेक वजा होऊन जातो, श्वासाबरोबर किंचित बदलतो तेवढाच उरतो.

सुरुवात मुकादमाच्या इशाऱ्याने होते, इशाऱ्यानंतरच्या पहिल्या ठोक्यापासून दोघांनी सलग ३२ अंतरं नोंदवायची. मिनिटाला ७२ ठोके असतील तर साधारण २७ सेकंद लागतात, बीटा ब्लॉकरच्या गोळीने कुणाचे ५० वर आले असतील तर ३८ च्या आसपास. एकाने एक ठोका चुकवला की पुढची सगळी ओळ एका घराने सरकते. तो नेमका कुठे चुकला हे शोधायचा शहाणा कोड मी लिहून पाहिला आणि शेवटी काढून टाकला, कारण तो जुळवण्यासाठी आकडे बाहेर सांगावे लागतात. त्यापेक्षा शंका आली की अख्खा प्रयत्न रद्द करून नव्याने सुरू करायचा. सलग तीन प्रयत्न फसले की थांबायचं आणि माणसाला विचारायचं, नाहीतर हल्ला करणाऱ्यालाही हव्या तेवढ्या संधी मिळतात.

अंतरातून बिट काढणं

आख्खं अंतर वापरू नका. वरचा भाग, म्हणजे ८०० मिलिसेकंदांच्या घरात आहे का ९००च्या, तो तर बाहेरचा माणूस चालण्याच्या वेगावरूनही सांगेल. अगदी खालचा भाग सेन्सरच्या थरथरीचा, तो दोघांचा जुळणारच नाही. कामाचा मधला भाग.

मी असं करते: अंतराला ८ ने भागायचं, पूर्णांक ठेवायचा, त्याला १६ ने भागून बाकी घ्यायची आणि ती बाकी ग्रे कोडमध्ये लिहायची, झाले ४ बिट. समजा छातीने ८१२ मिलिसेकंद मोजले. ८ ने भागून १०१, १६ ने भागून बाकी ५. बोटाने त्याच ठोक्याला ८१७ मोजले, त्याचे १०२, बाकी ६. साध्या बायनरीत ५ म्हणजे ०१०१ आणि ६ म्हणजे ०११०, फरक दोन बिटांचा. ग्रे कोडमध्ये ५ चा ०१११ आणि ६ चा ०१०१, फरक एकाच बिटाचा. ग्रे कोडचा गुणच तो, शेजारच्या आकड्यांत एकच बिट बदलतो, आणि १५ वरून परत ० वर येतानाही एकच. ३२ अंतरांचे असे १२८ बिट होतात.

दोन अनोळखी माणसांचे १२८ बिट समोरासमोर ठेवले तर निम्म्याच्या आसपास, म्हणजे ६४ च्या जवळपास ठिकाणी फरक पडतो. एकाच अंगावरच्या दोन सेन्सरमध्ये तो बराच कमी पडला पाहिजे. किती फरकापर्यंत "जुळलं" म्हणायचं ती मर्यादा तुमच्या सेन्सरवर, तुमच्या माणसांवर मोजूनच ठरवा, दुसऱ्याच्या लेखातला आकडा उचलू नका.

बंद लिफाफे

आता दोघांकडे आपापले बिट आहेत, ते एकमेकांना दाखवायचे कसे? सरळ पाठवले तर मधला चोर एकाचे बिट घेऊन तेच दुसऱ्याला "हे माझे" म्हणून दाखवेल. उपाय आपल्याकडे महापालिकेच्या टेंडरला असतो तोच, आधी सगळ्यांनी बंद लिफाफे टाकायचे आणि ते उघडायचे नंतर.

आधी ईसीडीएच होऊन जातं. मग प्रत्येकजण एक लिफाफा बनवतो, म्हणजे एसएचए-२५६ चा हॅश (माहितीचा ठसा, ज्यावरून मूळ माहिती काढता येत नाही), आणि त्यात चार गोष्टी घालतो: आपले बिट, ताजा रँडम नंबर, दोघांच्या या वेळच्या पब्लिक की, आणि आपण कोण, छाती की बोट. दोन्ही लिफाफे पोचल्यावरच ते उघडायचे, हॅश जुळतो का बघायचं आणि मग बिटांमधला फरक मोजायचा. पब्लिक की आत असल्यामुळे मधे घुसलेल्याला एकाचा लिफाफा दुसऱ्याकडे सरकवता येत नाही, त्याच्या दोन बाजूंच्या पब्लिक की वेगळ्या पडतात. आणि "कोण" हे लिहिलं नाही तर चोर तुमचाच लिफाफा तुम्हाला परत करून मोकळा होईल आणि फरक शून्य येईल! पहिल्या वेळी मी हे विसरले होते, कागदावर बाण काढून बघितलं तेव्हा दिसलं. उघडलेले बिट लगेच पुसून टाकायचे, पुन्हा कधी वापरायचे नाहीत.

या विचाराची मुळं हार्ट-टू-हार्ट नावाच्या कामात आहेत, रोस्तामी, ज्यूल्स आणि कौशनफर यांनी २०१३ मध्ये मांडलं. तेव्हा डोळ्यासमोर अंगात बसवलेली उपकरणं होती, कारण २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी छातीत बसवायच्या डिफिब्रिलेटरशी रेडिओवरून बोलून त्यातली माहिती वाचून आणि सेटिंग बदलून दाखवली होती. पुढे २०१७ मध्ये तिथे जवळपास ४,६५,००० पेसमेकरना सुरक्षेसाठी फर्मवेअर अपडेट द्यायची वेळ आली.

ठोक्यांपासून थेट किल्ली का नाही

थोडीफार चुकणारी मापं वापरून किल्ली लपवायच्या दोन जुन्या पद्धती आहेत, फझी कमिटमेंट १९९९ ची, फझी व्हॉल्ट २००२ ची, आणि त्या रस्त्याने बनवलेले प्रोजेक्ट खूप आहेत. पहिलीची कल्पना सुंदर आहे: रँडम किल्ली घ्यायची, तिला चूक सुधारणाऱ्या कोडमध्ये बसवायची, आपल्या ठोक्यांच्या बिटांशी एक्सऑर करून (बिटाला बिट मिसळून) पाठवायची, समोरचा आपल्या बिटांनी ते सोडवतो आणि थोड्याफार चुका कोड भरून काढतो. पण हिशोब करून बघा. १२७ बिटांच्या बीसीएच कोडमध्ये १० चुका सुधारायच्या म्हटल्या तर किल्लीला जागा उरते ६४ बिटांची. २१ चुका सुधारायच्या तर उरतात फक्त २९ बिट, एवढी किल्ली साधा लॅपटॉपही शोधून काढेल. बोटाची नाडी थंडीत थरथरते तेव्हा चुका वाढतातच, म्हणजे नेमक्या अडचणीच्या वेळी किल्ली लहान करावी लागते. अंतरं जास्त घेऊन हे भरून काढता येतं, पण मग आजारी माणसाला दोन-दोन मिनिटं हलू नका म्हणून सांगावं लागतं.

दुसरं कारण कॅमेऱ्याचं. २०१० मध्येच एमआयटीच्या संशोधकांनी साध्या वेबकॅमने चेहऱ्यावरून नाडी मोजून दाखवली होती. व्हिडिओवरून मिलिसेकंदाचा बारकावा काढणं अवघड असतं हे खरं, पण ठोक्यांपासून किल्ली बनवली असेल तर आजचं रेकॉर्डिंग आणि हवेतून पकडलेला डेटा दोन्ही घेऊन कोणी निवांत घरी बसून प्रयत्न करू शकतो. लिफाफ्याच्या पद्धतीत त्याला त्या अर्ध्या मिनिटातच जमवावं लागतं, नंतर मिळालेले ठोके त्याच्या काहीच उपयोगाचे नाहीत.

पटल्यानंतरचं एन्क्रिप्शन

हा भाग ठरलेला आहे, इथे स्वतःची कलाकुसर नको. ईसीडीएचचं उत्तर एचकेडीएफ या किल्ल्या बनवायच्या ठरलेल्या पद्धतीतून काढून दोन किल्ल्या, जाण्याची वेगळी आणि येण्याची वेगळी. एन्क्रिप्शन एईएस-१२८ सीसीएमने, त्यात गुप्तताही मिळते आणि कोणी आकडा बदलला तर कळतंही. एकच सांभाळायचं, नॉन्स, म्हणजे प्रत्येक संदेशासोबत एकदाच वापरायचा आकडा, कधीही परत येता कामा नये. बॅटरी बदलली, बोर्ड रीसेट झाला आणि काउंटर परत शून्यावर आला, किल्ली मात्र फ्लॅशमध्ये (बॅटरी काढली तरी टिकणाऱ्या मेमरीत) जुनीच, असं झालं की सगळी मेहनत पाण्यात. मी किल्ली फ्लॅशमध्ये ठेवतच नाही, रीसेट झालं की पुन्हा अर्ध्या मिनिटाचं पेअरिंग. आणि सेन्सर अंगावरून निघाला की किल्ली पुसायची, एडी८२३२ ला इलेक्ट्रोड सुटल्याचं सांगणाऱ्या पिन आहेतच, त्या वापरा.

डिव्हाइसचं नाव साधा रँडम नंबर ठेवा आणि ब्लूटूथचा पत्ता बदलता ठेवा.

ज्यांचं हृदय वेगळं चालतं

यावर लेखांमध्ये दोन ओळी असतात, आणि आपल्या घरातली आजारी माणसं तर हीच. पेसमेकर ठरावीक वेगाने चालवत असेल तर प्रत्येक अंतर जवळपास सारखं, ६० वर लावला असेल तर १००० मिलिसेकंद, १००० मिलिसेकंद, परत १०००, यात गुप्त असं काहीच नाही, कोणीही सांगेल. वय वाढलं की ठोक्यांमधला चढउतार कमी होतो, जुन्या डायबेटिसने नसांवर परिणाम झाला असेल तर अजून कमी, हृदय प्रत्यारोपण झालेल्यांचाही तसाच. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये उलटी अडचण, चढउतार भरपूर पण कमकुवत ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत आणि दोघांची मोजणी जुळत नाही.

म्हणून कोडमध्ये ही तपासणी हवीच: ३२ अंतरांमध्ये पुरेसा चढउतार नसेल तर ठोक्याने ओळख पटवायचीच नाही, सरळ क्यूआर किंवा एनएफसीवर (जवळ टेकवून होणाऱ्या ओळखीवर) जायचं. "जुळलं" म्हणून हिरवा दिवा लागला आणि आत काही गुप्तच नव्हतं, तर त्यापेक्षा दिवा न लागलेला बरा.

टेस्टिंग

निवांत बसून, जिना चढून आल्यावर, एसीत बोटं गार पडल्यावर, पावसाळ्यात घामाने स्टिकर सुटत असताना, सगळं करून बघा. घोडबंदर रोडला रिक्षात मी स्वतःच्या अंगावर लावून बसले होते, एकही पेअरिंग पूर्ण झालं नाही. तो दोष मी दुरुस्त केला नाही, पेअरिंग फक्त बसून करायचं असं स्क्रीनवर लिहून टाकलं. एकदा किल्ली ठरली की धक्क्यांनी काही बिघडत नाही.

सगळ्यात महत्त्वाची टेस्ट म्हणजे दोन माणसांची. सोफ्यावर बाबांच्या छातीला मुकादम आणि शेजारी आईच्या बोटाला सेन्सर. आईचं म्हणणं, "अगं, चाळीस वर्षांचा संसार आहे, आमचे ठोके जुळतीलच की." सेन्सरने दर वेळी नकार दिला. मग तोच सेन्सर बाबांच्या बोटाला लावला आणि हिरवा दिवा लागला. ही टेस्ट एकदा करून सोडू नका, शेकडो वेळा नोंदी काढा, सारख्या अंगाच्या आणि वेगवेगळ्या अंगांच्या, दोन्ही ढिगांमध्ये मोकळी जागा दिसते का बघा आणि मर्यादा त्या मोकळ्या जागेत ठेवा. दोन ढीग एकमेकांत घुसत असतील तर आधी सेन्सर सुधारा, मर्यादा सैल करू नका.

क्लिनिकवाल्यांसाठी आणि घरच्यांसाठी

क्लिनिक असेल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा माहीत हवा, डेटाची पुरेशी सुरक्षा ठेवली नाही तर त्यात २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. सेट विकणाऱ्याला तीनच प्रश्न विचारा: पिनशिवाय कनेक्ट होतं का, नावात पेशंट दिसतो का, एका पेशंटकडून दुसऱ्याकडे देताना जुनी किल्ली कशी पुसता. तिसऱ्या प्रश्नाला "त्याची गरज नाही" असं उत्तर आलं तर तो सेट घेऊ नका.

घरी इमर्जन्सीचा विचार आधीच करून ठेवा. १०८ ची ॲम्ब्युलन्स आली तर त्यांचं काम आपल्या किल्लीसाठी अडायला नको. ते स्वतःची मशीन लावतात, आपला पॅच सोलून काढायचा आणि बाजूला ठेवायचा, एवढंच घरच्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. मागचा डेटा डॉक्टरांना दाखवायचा असेल तर तो फोनवरून. आमच्याकडे मुकादमाच्या क्यूआरची एक प्रिंट बाबांच्या डिस्चार्ज फाइलमध्ये, गोळ्यांच्या यादीमागे लावलेली आहे, फाइल कपाटात वरच्या खणात असते आणि आईला, मला आणि शेजारच्या काकूंना ती कुठे आहे ते ठाऊक आहे.